विधानसभेच्या उमेदवाराचा निवडणूक खर्च कसा लिहावा

निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाभोवती भाषण लिहून देणारे, गर्दी जमवणारे, फोटो काढणारे पुष्कळ असतात. खर्चाची वही लिहायला मात्र कोणी पुढे येत नाही. शेवटी ते काम एखाद्या मेहुण्याच्या नाहीतर दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्या पुतण्याच्या गळ्यात पडते. तुमच्या गळ्यात पडले असेल तर पुढचे सगळे नीट वाचा. नुसते मतदार असाल तरी वाचा, कारण ती वही तुम्हालाही पाहता येते.

आधी आकडे. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्च करता येतात. गोव्यात मतदारसंघ लहान, म्हणून तिथे हेच आकडे २८ लाख आणि ७५ लाख आहेत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या मर्यादा वेगळ्या. त्या राज्य निवडणूक आयोग ठरवतो आणि त्यांचे नियमही निराळे, त्यामुळे नगरसेवकपदाचा अनुभव विधानसभेला जसाच्या तसा वापरायला जाऊ नका.

अर्ज भरण्याआधी बँकेत जा

निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते लागते आणि ते उमेदवारी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे लागते. उमेदवाराचे जुने बचत खाते चालत नाही. राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक, पोस्ट, कुठेही उघडा. खाते एकट्या उमेदवाराच्या नावे किंवा त्याने अधिकृतपणे नेमलेल्या निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त असावे. पत्नी किंवा भाऊ निवडणूक प्रतिनिधी नसेल, तर त्याचे नाव खात्यात घालता येत नाही. इथे पुष्कळ जण अडकतात, कारण घरच्या माणसाला सहीचा अधिकार देणे सोयीचे वाटते.

मग सगळा पैसा या खात्यातूनच फिरवायचा. उमेदवाराच्या खिशातले पैसे, पक्षाने दिलेला निधी, मित्राने दिलेले हातउसने, सगळे आधी खात्यात येईल आणि तिथूनच बाहेर जाईल. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येते. त्यापुढे रेखांकित धनादेश, ऑनलाइन हस्तांतरण किंवा डिमांड ड्राफ्ट. मर्यादा दर दिवसाची नाही, संपूर्ण निवडणुकीची आहे. मंडपवाल्याला सोमवारी नऊ हजार आणि गुरुवारी नऊ हजार रोख दिले की नियम मोडला. देणगी घेतानाही एका व्यक्तीकडून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख घ्यायची नाही.

पांढरी, गुलाबी, पिवळी पाने

अर्ज भरला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून पृष्ठक्रमांक टाकलेली, प्रमाणित केलेली नोंदवही मिळते. तिचे तीन भाग असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोखीची आवक-जावक, पिवळ्या पानांवर बँकेचे व्यवहार. दुकानाची रोजकीर्द ज्याने लिहिली आहे त्याला यात नवीन काही नाही. फक्त एक सवय लावून घ्या. वही रोज रात्री लिहायची, मग सभा कितीही उशिरा संपो. चार दिवसांचा खर्च एकदम लिहिलेला तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. शाई एकच, अक्षर एका दमात लिहिलेले, आणि पावत्यांचे क्रमांक मात्र मागेपुढे.

प्रत्येक नोंदीत खर्चाची तारीख, स्वरूप, दिलेली रक्कम, उरलेली देणी, ज्याला पैसे दिले त्याचे नाव-पत्ता आणि पावतीचा क्रमांक हवा. उधारीही खर्चच असते. पैसे अजून दिलेले नाहीत म्हणून नोंद पुढे ढकलता येत नाही. टपाल किंवा रेल्वे प्रवास अशा, जिथे पावती मिळणे व्यवहार्य नाही, त्या किरकोळ बाबींना पावतीची सूट आहे. बाकी सगळ्याला पक्की पावती घ्या. कोऱ्या कागदावर ‘रु. १२००० मिळाले’ आणि खाली सही, एवढ्यावर भागणार नाही.

नेमके काय धरायचे

कायद्याने खर्चाची मोजणी अर्ज भरल्याच्या दिवशी सुरू होते आणि निकालाच्या दिवशी संपते, दोन्ही दिवस धरून. म्हणजे अर्ज भरायला काढलेली मिरवणूक पहिल्याच पानावर येते. झेंडे, उपरणी, फ्लेक्स महिनाभर आधी छापून गोदामात ठेवले असतील आणि प्रचारात वापरले असतील, तर तेही धरायचे.

फुकट मिळालेलीही वस्तू फुकट नसते. मित्राने जीप दिली, गावकऱ्याने मंडप टाकून दिला, तरी त्याची बाजारभावाने किंमत लावून खर्चात दाखवावी लागते. हे दर जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी चर्चा करून ठरवतात. खुर्ची, ध्वनिक्षेपक, चहा, वडापाव, हार, ढोल-ताशा, रिक्षा यांचे दरपत्रक जिल्ह्यात तयार असते. ते पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवा.

गाड्यांच्या परवानग्यांवर विशेष लक्ष ठेवा. उत्साहाच्या भरात वीस गाड्यांची परवानगी काढली जाते आणि पाचच रस्त्यावर असतात. वापरणार नसलेल्या गाड्यांची परवानगी लेखी परत केली नाही, तर त्या गाड्या फिरल्या असे गृहीत धरून भाडे तुमच्या नावावर चढते. पत्रके आणि फ्लेक्सवर मुद्रक, प्रकाशक यांची नावे आणि पत्ते छापलेले हवेत. ही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ ची अट आहे. मुद्रकाने कळवलेला प्रतींचा आकडा आणि तुमच्या बिलातला आकडा यांची तुलना होतेच. समाजमाध्यमांवरच्या जाहिराती, त्या बनवणाऱ्या पोरांचे मानधन, मोठ्या संख्येने पाठवलेले संदेश, हेही खर्चात. उमेदवारावर गुन्हे असतील तर ते जाहीर करणाऱ्या वृत्तपत्रातल्या जाहिरातींचा खर्चसुद्धा याच ४० लाखांत बसवायचा आहे.

पेड न्यूजचे प्रकरण सर्वांत नाजूक. पैसे देऊन छापवून आणलेली बातमी माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीने पकडली, की तिचा खर्च उमेदवाराकडे लागतो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये भारताच्या निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले, ते याच कारणावरून. आपल्याकडे २००९ च्या भोकर निवडणुकीवरून अशोक चव्हाणांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हिशेब फक्त वेळेत दिला का एवढेच नव्हे, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो, असे त्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले. पुढे आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. पण अधिकाराचा मुद्दा कायम राहिला.

पक्षाचा खर्च आणि उमेदवाराचा खर्च

आता या सगळ्या व्यवस्थेतली मोठी फट. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्ष निवडणुकीवर कितीही खर्च करू शकतो. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच धरावा. संसदेने लगोलग कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये नियम पुन्हा आवळले गेले, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला वाट मोकळीच राहिली.

वही लिहिणाऱ्याने यातून व्यवहारापुरते एवढे लक्षात ठेवावे. नेत्याची सभा झाली आणि त्यात उमेदवाराचे नाव, फोटो किंवा तो स्वतः नसेल, तर खर्च पक्षाचा. उमेदवार व्यासपीठावर चढला, किंवा त्याचा फोटो पाठीमागे लागला, की सभेचा खर्च त्याच्याकडे वळतो. तीन उमेदवार असतील तर तिघांत वाटून. स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च उमेदवाराला लागत नाही, पण त्यासाठी पक्षाने अधिसूचनेपासून सात दिवसांत यादी दिलेली हवी. मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावे, नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाला २०. मात्र त्याच हेलिकॉप्टरमध्ये उमेदवार बसला तर निम्मा प्रवासखर्च त्याच्या डोक्यावर. त्यामुळे पुढच्या गावाला हेलिकॉप्टरने सोडतो म्हटले, तर साहेबांना नम्रपणे नको म्हणायला उमेदवाराला शिकवून ठेवा.

अपक्षाला यातली एकही सवलत नाही. कायदा सगळ्यांना सारखाच असला, तरी त्याचा काच खरा बसतो तो त्याला.

देणगी घेताना

पक्षाला २०,००० रुपयांवरच्या देणग्यांचा तपशील आयोगाला द्यावा लागतो, आणि आयकराची सवलत टिकवायची तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी घेता येत नाही. कंपनी देणगी देऊ शकते, पण सरकारी कंपनी नाही, आणि स्थापनेला तीन वर्षे पूर्ण न झालेलीही नाही. नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायची सोय असलेले निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले आणि ते विकणाऱ्या स्टेट बँकेला तपशील उघड करावा लागला. कोणी अजूनही रोख्यांबद्दल विचारत असेल तर त्याला ही तारीख सांगा.

परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्न हमखास निघतो. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाकडून देणगी घेता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेला सख्खा भाऊ असला, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले, तरी उमेदवाराने त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नये. परकीय देणगीवर उमेदवाराला बंदी आहे.

दुसरी वही

तुम्ही लिहिता ती एक वही. दुसरी निवडणूक यंत्रणा लिहिते. तिला शॅडो रजिस्टर म्हणतात. तुमच्या सभेत कोपऱ्यात उभे राहून चित्रीकरण करणारा माणूस वाहिनीचा असेलच असे नाही, तो व्हिडिओ पथकाचाही असतो. दुसरे पथक ते चित्रीकरण पाहून वस्तू मोजते आणि दरपत्रकाप्रमाणे रक्कम लावते.

समजा, बाजारतळावर कोपरा सभा झाली. तुम्ही लिहिले: खुर्च्या २००, मंडप एक, ध्वनिक्षेपक एक संच, चहा ३०० कप. चित्रीकरणात मात्र खुर्च्यांच्या रांगा मोजल्यावर ५०० निघाल्या, प्रवेशद्वारी कमान दिसली आणि उमेदवार येताना जेसीबीच्या बकेटमधून फुले उधळली गेली. कमान, जेसीबीचे भाडे, फुले, जास्तीच्या ३०० खुर्च्या, सगळे शॅडो रजिस्टरमध्ये लिहिले गेले आहे. जेसीबी गावातल्या कार्यकर्त्याने हौसेने आणला, आम्हाला माहीतच नव्हते, असे म्हणून सुटका होणे कठीण. म्हणून सभेच्या जागी स्वतःचा एक माणूस ठेवा. त्याने भाषण ऐकू नये, फक्त मोजावे आणि फोनवर फोटो काढावेत. पथकाचा आकडा चुकला असेल तर तेच फोटो कामी येतात.

प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा वही तपासणीसाठी न्यावी लागते. तारखा आधी कळवलेल्या असतात. वही नेली नाही तर नोटीस येते, आणि तरीही नेली नाही तर गाड्यांची परवानगी काढून घेतली जाऊ शकते. दोन वह्यांत तफावत दिसली तर नोटिशीला ४८ तासांत लेखी उत्तर द्या. गप्प बसलात तर वाढीव रक्कम मान्य आहे असे धरले जाते. पटत नसेल ते खर्च निरीक्षकासमोर पुराव्यासह मांडा, आणि बरोबर असेल ते तिथेच कबूल करून वहीत घ्या.

निकालानंतरचे ३० दिवस

निकाल लागला की जिंकलेला मुंबईला जातो, हरलेला फोन बंद करतो. हिशेब मात्र दोघांनाही द्यायचा असतो, निकालापासून ३० दिवसांच्या आत, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. २०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे शेवटची तारीख २३ डिसेंबर. त्याआधी, निकालापासून २६ व्या दिवशी, हिशेब जुळवणीची बैठक होते. तिला जाच. राहिलेली तफावत मिटवायची ही शेवटची संधी.

नोंदवही, विहित नमुन्यातले सारांश विवरणपत्र, प्रतिज्ञापत्र, मूळ पावत्या आणि बँकेचे विवरण, एवढे द्यायचे आणि पोच घ्यायची. सगळ्याची एक झेरॉक्स घरी ठेवा. हिशेब दिलाच नाही किंवा ठरल्या पद्धतीने दिला नाही, आणि त्याला सबळ कारण नसेल, तर कलम १०अ खाली तीन वर्षे अपात्रता येते. हरलेले अपक्ष यात सर्वाधिक सापडतात. अनामत गेली, आता कशाला हिशेब, असे म्हणून ते सोडून देतात आणि पुढच्या निवडणुकीला अर्ज भरायला गेले की अपात्रांच्या यादीत नाव निघते.

मर्यादेपेक्षा जास्त खर्च करणे हा कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे. त्यावरून निवड रद्द होऊ शकते. तरी दाखल होणारे बहुतेक हिशेब मर्यादेच्या बरेच आत असतात, आणि मतदारसंघात राहणाऱ्या कोणालाही त्यातली गंमत कळते. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे एका जाहीर कार्यक्रमात बोलून गेले, की २००९ च्या लोकसभेला आपला खर्च आठ कोटी झाला. तेव्हाची मर्यादा २५ लाख होती. आयोगाने त्यांना नोटीस पाठवली.

मतदार म्हणून हिशेब पाहायचा असेल तर तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर चढवला जातो. मूळ कागद पाहायचे असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत जा. तपासणीचे शुल्क नियमात एक रुपया आहे, साक्षांकित प्रतींचे वेगळे. संशय वाटला तर उमेदवारालाच नव्हे, त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदाराला उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. तिच्यासोबत २,००० रुपये अनामत भरावी लागते, आणि मुदत निकालापासून ४५ दिवस. हिशेब दाखल व्हायलाच ३० दिवस जातात, संकेतस्थळावर यायला आणखी काही. मतदाराच्या हातात उरतात जेमतेम दोन आठवडे, म्हणून वकील आधी गाठून ठेवा.