फ्रेडो दोषी होता का? वाद घालायचा तर असा घाला

'गॉडफादर' पाहिलेली चार माणसं जमली की फ्रेडोचा, म्हणजे या माफियापटातल्या डॉन मायकेलच्या थोरल्या भावाचा, विषय निघतोच. एक म्हणतो गद्दार, दुसरा म्हणतो बिचारा, आणि तासाभराने दोघंही तेच म्हणत असतात, फक्त आवाज चढलेला असतो. मी फौजदारी वकिली करते. मला या वादात आधी आरोप काय ते ठरवलेलं लागतं.

१९७४ चा दुसरा भाग हाताशी ठेवा आणि आरोपांचे तीन तुकडे करा. फ्रेडोने मायकेलचा छुपा शत्रू हायमन रॉथच्या माणसाला, जॉनी ओलाला, मदत केली. लेक टाहोच्या घरी मायकेलच्या जिवावर उठणार आहेत हे त्याला आधीच माहीत होतं. आणि कळल्यावरही तो गप्प बसला.

पहिल्यावर वेळ घालवू नका, तो स्वतःच कबूल करतो. मात्र कोणी ठासून म्हणालं की मायकेलच्या ज्या बेडरूमवर खिडकीतून गोळ्या झाडल्या गेल्या, तिचे पडदे फ्रेडोनेच उघडे ठेवले, तर विचारा, कुठल्या दृश्यात? सिनेमात ते कुठेच दाखवलेलं नाही.

दुसऱ्या आरोपावर मात्र नेट लावा. पुढे बोटहाऊसमध्ये मायकेल जाब विचारतो, तेव्हा खुर्चीत रेललेला फ्रेडो सांगतो की जिवावर बेतेल हे आपल्याला ठाऊक नव्हतं. पण ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याच्यापुढे माणूस आणखी काय बोलणार? कोर्टाबाहेरच्या कबुलीला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. तो आधार इथे आहे: हल्ल्यानंतर रात्री आलेला ओलाचा फोन. फ्रेडो घाबरून म्हणतो, तुम्ही मला फसवलंत, परत फोन करू नका. तेव्हा मायकेल समोर नाही, नाटक करायचं कारणच नाही. हा प्रसंग रिवाइंड करून सगळ्यांना दाखवा. फ्रेडो साकारणाऱ्या जॉन कॅझालचा आवाज ऐका. तो खोटं बोलणाऱ्याचा आवाज नाही. माझ्या मते इथे संशयाचा फायदा द्यावाच लागतो.

पण तोच फोन तिसऱ्या आरोपात त्याच्यावर उलटतो. फसवणूक कळली होती, तर भावाला का नाही सांगितलं? पुढे हवानात मायकेल त्याला स्पष्ट सांगतो की रॉथ मला मारणार आहे. तोंड उघडायला याहून चांगली वेळ कोणती? तरी ओलाशी ओळख करून देतात तेव्हा दोघं पहिल्यांदाच भेटल्यासारखे हात मिळवतात, आणि मग एका शोला बसलेले असताना दारूच्या नशेत फ्रेडोच बोलून जातो की ही जागा ओलाने दाखवली. मायकेलची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीचा वकील रॉथचा माणूस आहे हेही तो मायकेलने खोदून विचारल्यावरच सांगतो. धाकट्या भावाने डावललं याचं त्याचं दुःख खरं आहे, मला ते दर वेळी टोचतं. पण दुःख म्हणजे बचाव नव्हे. तिसरा आरोप सिद्ध.

शिक्षेचा वाद यात मिसळू देऊ नका. आई गेल्यावर आपला माणूस नेरी याच्याकरवी तळ्यात फ्रेडोचा जो खून घडवला, तो मायकेलचा गुन्हा आहे आणि त्याचा खटला वेगळा चालवायचा. आणि बाजू वाटताना ज्याला फ्रेडोची सगळ्यात जास्त कणव येते, त्यालाच सरकारी पक्ष द्या. बचावाची कच्ची बाजू त्यालाच नेमकी सापडते.