गिरगावचा बॅक रोड कुठे गेला? जुन्या मुंबईतले रस्ते असे शोधा

आजीच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड सापडलं, पत्त्यात वाडीचं नाव आणि खाली "गिरगाव बॅक रोड". मॅपवर टाकलं तर काहीच येईना, मग दोन रविवार मी ठाकूरद्वारच्या आसपास गल्ल्या फिरत होते, कारण मला वाटलं बॅक रोड म्हणजे मागची कुठलीतरी बारीक गल्ली असणार. आणि निघाला अख्खा व्ही. पी. रोड, म्हणजे विठ्ठलभाई पटेल रोड! ज्याच्यावरून मी लहानपणापासून येते-जाते तो. तेव्हापासून हे शोधायचं वेडच लागलंय, बरेच जण विचारतात म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुमच्या रस्त्याचं नाव बदललंय की रस्ताच गेलाय. दोन्हीचा शोध वेगळा आहे आणि इथेच लोकांचे महिने जातात.

नाव बदललं असेल तर काम तसं सोपं. गिरगाव रोड म्हणजे आजचा जगन्नाथ शंकरशेट रोड, सँडहर्स्ट रोड म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल रोड, प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामलदास गांधी मार्ग, क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे रोड, ग्रँट रोड म्हणजे मौलाना शौकत अली रोड. पण स्टेशनच्या नावावर जाऊ नका हं. सँडहर्स्ट रोड स्टेशन डोंगरीकडे आहे आणि तो रस्ता पार ऑपेरा हाऊसपर्यंत येतो, म्हणजे "सँडहर्स्ट रोडला राहायचे" असं कोणी सांगितलं तर ते घर गिरगावातलं पण असू शकतं. आणि एका जुन्या नावाची दोन नवी नावं पण होतात. लॅमिंग्टन रोडचा ऑपेरा हाऊसकडचा भाग डॉ. भडकमकर मार्ग झाला आणि मुंबई सेंट्रलच्या पुढचा डॉ. आनंदराव नायर रोड, त्यामुळे घर कुठल्या टोकाला होतं ते कळल्याशिवाय नवं नाव लावू नका.

रस्ताच गेला असेल तर त्याचं नवं नाव शोधत बसू नका, ते नसतंच. १८९६ ला प्लेग आला, मग १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यांनी दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. मधे ज्या गल्ल्या आणि घरं आली ती गेली. म्हणून कागदाचं साल बघा. कागद त्याच्या आधीचा असेल आणि गल्ली या रस्त्यांच्या आसपासची असेल तर ती रस्त्याखाली गेलेली असू शकते. तलावांचं पण तेच, धोबी तलावाला आज पाणी कुठे आहे, पण पत्त्यात "तलावाजवळ" असतं आणि ते खरंच तलावाजवळ असायचं.

आता मुख्य गोष्ट. नावाच्या मागे धावू नका, नंबर धरा. घरात जुनं खरेदीखत किंवा कोर्टाचा कागद असेल तर शेवटचं परिशिष्ट वाचा, ते कंटाळवाणं असतं पण सोनं तिथेच आहे. त्यात लॉटन सर्व्हे नंबर असतो, सी. एस. म्हणजे कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर असतो, सोबत "भुलेश्वर डिव्हिजन" किंवा "गिरगाव डिव्हिजन", म्युनिसिपालटीचा वॉर्ड नंबर आणि खाली चतुःसीमा, पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला तमकी गल्ली. लॉटन म्हणजे १८६५ ते १८७२ मध्ये ज्यांनी शहराची मोजणी केली ते, त्यांचा नंबर आणि नंतरचा सी. एस. नंबर वेगळे असतात, गल्लत करू नका. रस्त्याचं नाव कितीदा बदलो, सी. एस. नंबरवरून जागा सापडते. शहराचे सी. एस. चे कागद जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, फोर्टमधल्या जुन्या जकातघरात. नंबर आणि डिव्हिजन दोन्ही लिहून न्या, नुसत्या नंबरवर काम होत नाही.

कागद नसेल तर वाडी धरा. गिरगावात पत्ता आधी वाडीचा असायचा, रस्ता नंतर. फणसवाडी, मुगभाट, खोताची वाडी, लोक अजून तेच बोलतात. कांदेवाडीतल्या रस्त्याला खाडिलकर रोड नाव मिळून किती वर्षं झाली, तरी कोणालाही विचारा, कांदेवाडीच सांगेल.

मग जुना नकाशा घ्या आणि गुगल अर्थमध्ये आजच्या नकाशावर पारदर्शक करून ठेवा. जुळवायला न हललेल्या जागा लागतात, देऊळ, चर्च, अग्यारी, मशीद. पण गिरगावातलं पोर्तुगीज चर्च आणि मुंबादेवीचं देऊळ, ही दोन्ही घेऊ नका असं मी सांगेन, कारण मुंबादेवीचं देऊळ आधी फोर्टजवळ होतं, तिथून हलवलंय. चर्चची इमारत पण नवीन आहे, जागा जुनी असली तरी कोपरा जुळत नाही. चार-पाच ठिकाणं तरी जुळवा. सॅम्युअल शेपर्ड यांनी १९१७ ला मुंबईतल्या रस्त्यांच्या नावांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक काढलंय, ते पण सोबत ठेवा. शोधताना स्पेलिंग बदलून बघा, इंग्रजी कागदात गिरगावचं गिरगाम होतं.

आणि शेवटचं सांगते, चालत जा. जुन्या दुकानांच्या पाट्या वाचा, काहींवर जुना रस्ता अजून आहे. म्हाताऱ्या माणसांना "या रस्त्याचं जुनं नाव काय" असं विचारू नका, आठवत नाही आणि त्यांनाच वाईट वाटतं. "ट्राम कुठे थांबायची काका?" असं विचारा. ट्राम १९६४ ला बंद झाली, ज्यांनी पाहिली ते आता सत्तरीच्या घरात किंवा पुढे आहेत, म्हणून हे काम आधी करा, नकाशे नंतर बघितले तरी चालतील. पाट्यांचे फोटो पण लगेच काढा, मेट्रोच्या गिरगाव आणि काळबादेवी स्टेशनांसाठी कितीतरी जुन्या इमारती गेल्या, त्यांच्याबरोबर पाट्या पण गेल्या. फोटोला तारीख, जुनं नाव, आजचं नाव आणि कोणी सांगितलं ते लगेच लिहून ठेवा.