वजन उतरतं आणि परत येतं? हाय प्रोटीन डाएट सुरू करायच्या आधी ते संपवायचं कसं ते ठरवा

माझं वजन तीन वेळा उतरलंय आणि तिन्ही वेळा परत आलंय, त्यामुळे हे पहिल्यांदा डाएट धरणाऱ्यांसाठी नाहीये, ज्यांच्या कपाटात तीन मापांच्या पँटी घडी घालून ठेवल्यात आणि त्यातली एकही टाकवत नाही त्यांच्यासाठी आहे. आधी एक करा, स्वतःला आळशी आणि खादाड म्हणणं थांबवा. २०११ साली एक अभ्यास आला होता, त्यात १० आठवडे अगदी कमी कॅलरीवर ठेवून लोकांचं वजन उतरवलं आणि वर्षभरानं परत रक्त तपासलं, तर भूक लावणारं घ्रेलिन अजून वरच होतं आणि चरबीचा साठा पुरेसा आहे हे मेंदूला कळवणारं लेप्टिन अजून खालीच. म्हणजे डाएट संपून वर्ष झालं तरी शरीर मागतच असतं. आपण मात्र टार्गेट गाठलं की दुसऱ्या दिवशी सुटलो म्हणतो, आणि नेमकं तिथंच सगळं बिघडतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वजन उतरवायचा प्लॅन आणि नंतर टिकवायचा प्लॅन असे दोन प्लॅन नकोत. एकच ठेवायचा, त्यात प्रोटीन कधीच हलवायचं नाही, फक्त कॅलरी आधी कमी करायच्या आणि मग हळूहळू वर आणायच्या.

प्रोटीनच का, तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं हे एक, आणि ते पचवतानाच त्यातल्या साधारण २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, कार्ब्जमध्ये हेच ५ ते १० टक्के आणि फॅटमध्ये तर जेमतेम ३. पण आपल्यासारख्यांसाठी खरं कारण स्नायू आहेत. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत वाढताना मात्र चरबी आधी भरते. असं तीनचार वेळा झालं की काट्यावर आकडा तोच दिसतो पण अंगात ताकद कमी आणि रोजचा कॅलरी खर्चही कमी, आणि मग आपण म्हणतो मी तर आता काही खातच नाही तरी वाढतंय.

आता हिशोब. आजचं वजन धरू नका, जिथं पोचायचंय ते धरा आणि त्याला १.२ ते १.६ नं गुणा. ७० किलोचं टार्गेट असेल तर दिवसाला साधारण ८५ ते ११० ग्रॅम प्रोटीन, सोपं म्हणून १०० धरू. कॅलरीसाठी पहिला आठवडा काहीच बदलू नका, जे खाता ते सगळं लिहा, वजन स्थिर असेल तर तेवढ्या कॅलरी तुम्हाला लागतात, त्यातून ४०० ते ५०० कमी करा, बास. घाई करून हजाराच्या खाली जाऊ नका, ८०० च्या खालची डाएट तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करूच नयेत. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलॅजनपासून केलेलं लिक्विड प्रोटीन पिऊन दिवसाला ४०० कॅलरीही न घेणारे लोक होते, त्यातल्या कित्येकांचा हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झाला. हाय प्रोटीन म्हणजे फक्त प्रोटीन नव्हे.

१०० ग्रॅम बसवायचे कसे? सकाळी दोन अंडी (१२) आणि २०० ग्रॅम पाणी काढून टाकलेलं घट्ट लो फॅट दही (साधारण २०), दुपारी १२० ग्रॅम शिजवलेलं चिकन ब्रेस्ट (३७), रात्री २५० ग्रॅम शिजलेली मसूर (२२), आणि एक ग्लास दूध (८), झाले ९९. चिकन खात नसाल तर ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स घ्या, २६ ग्रॅम मिळतात, उरलेले दही किंवा टोफू वाढवून भरून काढा. हे सगळं मिळून हजार कॅलरीच्या आसपासच जातं, मग भाज्या, फळं, थोडा भात किंवा ब्रेड आणि तेल याला जागा उरते. ती जागा वापरा प्लीज, भाज्या काढून टाकल्या की आठवडाभरात बद्धकोष्ठ होतं आणि माणूस डाएटलाच शिव्या देतो.

इथं दोन गोष्टींनी मला फसवलं होतं. एक शेंगदाणे आणि बदाम, प्रोटीन आहे म्हणून मी मूठमूठ खायचे, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असलं तरी कॅलरी साडेपाचशेच्या वर असतात. दुसरं तेल. एकदा किचनमधल्या छोट्या काट्यावर पॅन ठेवून, काटा शून्यावर आणून नेहमीसारखं अंदाजानं तेल ओतलं तर ३१ ग्रॅम निघालं, म्हणजे २७५ च्या आसपास कॅलरी आणि प्रोटीन शून्य. तेव्हापासून तेल चमच्यानंच मोजते, बाकी काही मोजलं नाही तरी चालेल.

आठवड्यातून दोनतीनदा वजन उचलायचा व्यायाम हवाच, घरी स्क्वॉट्स आणि पुशअप्स केले तरी चालतील. शरीराला स्नायू लागतायत हे कळलं नाही तर नुसतं प्रोटीन खाऊन ते टिकत नाहीत.

किडनीचा त्रास असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. डायबेटिससाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, कारण खाणं कमी झालं की साखर एकदम पडू शकते. प्रेग्नन्सीत हे नको. आणि खाण्यावरून आधी कधी मोठा त्रास झाला असेल, उपास, मग तुटून पडणं असं चक्र असेल, तर कॅलरी मोजणं सुरू करण्याआधी कोणाशी तरी बोला.

आता बाहेर पडण्याबद्दल, जे कोणी सांगतच नाही. सलग १० ते १२ आठवडे झाले की थांबा, टार्गेट गाठलेलं नसलं तरी थांबा. मग दर आठवड्याला रोजच्या १०० कॅलरी वाढवा, त्या भात, बटाटा, फळं, डाळी यातून, प्रोटीन १०० चं १०० च. पहिल्या आठवड्यात काटा किलोभर वर जाईल, घाबरू नका, कार्ब्ज वाढले की शरीर ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात ठेवलेला साखरेचा साठा, भरून घेतं आणि दर ग्रॅममागे अंदाजे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, ती चरबी नसते. मी दुसऱ्या वेळी नेमकी इथंच घाबरले, परत उपाशी राहिले आणि चौथ्या दिवशी रात्री फ्रीजसमोर उभी राहून खाल्लं. कॅलरी वाढवून वजन स्थिर झालं की तिथंच निदान दोनतीन महिने राहायचं. अजून उतरवायचं असेल तर त्यानंतर.

युरोपातल्या आठ देशांत मिळून एक मोठा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. वजन उतरवून झालेल्या लोकांना वेगवेगळ्या आहारावर सहा महिने ठेवलं, कॅलरीचं बंधन न घालता, तर कमी प्रोटीन आणि रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ खाणाऱ्या गटाचं वजन ठळकपणे परत वाढलं आणि जास्त प्रोटीनवाल्यांमध्ये मधेच सोडून जाणारेही कमी होते. मला तिसऱ्या वेळेनंतर हे वाचायला मिळालं, आधी मिळायला हवं होतं.

वजन आठवड्यातून तीनदा सकाळी बघा आणि त्याची सरासरी वहीत लिहा, एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. सरासरी स्थिर वजनापेक्षा २ किलोनं वर गेली की सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी परत त्या ४०० कॅलरी कमी करा, दोनतीन आठवडे, आणि मग परत १००-१०० नं वर या. २ किलो उतरवायला महिना पुरतो, १२ किलो व्हायची वाट बघितली तर परत वर्ष जातं.