ब्रेन हॅमरेजनंतर रक्तस्राव आणि सूज वाढू नये म्हणून नातेवाइकांनी काय करावे

मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्यावर पहिल्या सीटी स्कॅनमध्ये दिसलेला रक्ताचा गोळा तेवढाच राहील, असे गृहीत धरू नये. साधारण तीनपैकी एका रुग्णात तो पहिल्या 24 तासांत, आणि बहुधा पहिल्या काही तासांतच, आणखी वाढतो. त्यापाठोपाठ सूज येते. साकळलेल्या रक्तातील थ्रोम्बिन (रक्त गोठवणारा घटक) आणि फुटलेल्या तांबड्या पेशींतून सुटणारे हिमोग्लोबिन व लोह यांमुळे मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी चेतवल्या जातात, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि गोळ्याभोवतीचा भाग फुगू लागतो. ही सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने आणि पुढे आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ हळूहळू वाढू शकते.

अचानक तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा असह्य डोकेदुखीसह उलटी होणे ही लक्षणे दिसताच 108 वर फोन करावा. हृदयविकारासाठी अनेक घरांत अॅस्पिरिन हाताशी असते. ती येथे देऊ नये, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तदाबाची जादा गोळीही देऊ नये. मुंबईत संध्याकाळच्या वाहतुकीत गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये आधी जाऊन मग मोठ्या रुग्णालयाकडे निघणे फार महाग पडते. म्हणून चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया जेथे होते अशाच ठिकाणी, उदाहरणार्थ परळचे केईएम किंवा शीव रुग्णालय, थेट जावे.

निघताना रुग्णाच्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घ्याव्यात. माझ्या मते नातेवाइकांच्या हातातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे. वॉरफेरिन, अॅसिट्रॉम, डॅबिगॅट्रान, क्लोपिडोग्रेल यांपैकी रक्त पातळ करणारे काही चालू असेल, तर शेवटची गोळी केव्हा घेतली ते आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगावी, कारण औषधानुसार उपाय वेगळा असतो: वॉरफेरिनसाठी व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक देतात, तर डॅबिगॅट्रानसाठी इडारुसिझुमॅब. अॅस्पिरिन घेणाऱ्याला प्लेटलेट चढवण्याचा आग्रह मात्र धरू नये. शस्त्रक्रिया ठरलेली नसलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे परिणाम उलट अधिक वाईट झाले.

बहुतेक रुग्णांत वरचा रक्तदाब 140 च्या आसपास, 130 ते 150 दरम्यान, लवकर आणून स्थिर ठेवतात. साखर आणि तापावरही तितकेच लक्ष लागते. सूज आहे म्हणून स्टेरॉइड द्या, अशी मागणी नातेवाईक पुष्कळदा करतात. ती करू नये, कारण 1987 मध्येच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा उपयोग न होता संसर्गासारखे त्रास वाढल्याचे दिसले होते. रक्ताच्या अहवालातील एखाद्या आकड्यावरूनही घाबरू नये. दाखल होताना सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारा रक्तातील घटक) जास्त असलेल्यांत गोळा वाढण्याचा धोका अधिक आढळला आहे, पण पांढऱ्या पेशी जास्त असलेल्यांत तो कमी आढळला. म्हणजे दाह आणि रक्तस्राव यांचे नाते सरळ नाही आणि केवळ त्या आकड्यांवर उपचार ठरत नाहीत.

पहिल्या दिवशी रुग्ण गाढ झोपलेला दिसला तर "दमला आहे, झोपू द्या" असे कृपया म्हणू नये. हाक मारूनही नेहमीसारखा जागा होत नसेल, बोलणे आणखी अडखळत असेल, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत असेल, पुन्हा उलटी झाली असेल किंवा लुळेपणा वाढला असेल, तर त्याच क्षणी नर्सला बोलवावे. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणी, चहा, अगदी श्रद्धेने आणलेले तीर्थसुद्धा तोंडात घालू नये. ते श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो, ताप चढतो, आणि आधीच सुजलेल्या मेंदूला ते सोसत नाही. अंग कोमट लागले तरी तापमान मोजायला सांगावे.

घरी आल्यावर रक्तदाब 130/80 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या केमिस्टकडून परस्पर आणून रोज घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू करायची की नाही आणि करायची असल्यास कोणत्या तारखेपासून, हे डॉक्टरांकडून डिस्चार्जच्या कागदावरच लिहून घ्यावे.