वेठबिगारमुक्तीच्या कामात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी

मानवी हक्कांचे काम आयुष्यभर करायचे असेल, तर सुरुवातीलाच स्वतःची संस्था काढू नये. आधी चालू असलेल्या एखाद्या संघटनेत राहून एक तालुका, एक प्रश्न आणि एक कायदा नीट समजून घ्यावा. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांत वीटभट्ट्यांवर उचल (मालकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम) घेऊन राबणाऱ्या कातकरी या आदिवासी जमातीतील कुटुंबांचा प्रश्न हाती घेतला, तर १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा कलमांसह पाठ हवा.

खरे कौशल्य जबाब घेण्यात आहे. ‘तुम्ही वेठबिगार आहात का?’ असे विचारून काहीच हाती लागत नाही. उचल किती व कोणासमोर घेतली, आठवड्याला खर्ची (जेवणखाणासाठी मिळणारे पैसे) किती मिळते, हजार विटांना काय भाव ठरला, हिशेबाची वही कोणाकडे असते, दुसरीकडे कामाला किंवा आजारपणात गावी जाऊ दिले का, हे एकेक करून विचारावे. कारण उचलीच्या बदल्यात किमान वेतन, फिरण्याची मोकळीक किंवा काम बदलण्याचे स्वातंत्र्य गमावणे हीच वेठबिगारीची कायदेशीर खूण आहे. बाईचा जबाब स्वतंत्र घ्यावा. ती नवऱ्याच्या बरोबरीने विटा पाडते, पण हिशेब बहुधा त्याच्याच नावावर असतो, आणि तिचा जबाब राहिला की तिचा हक्कही बुडतो.

त्यानंतर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ नुसार मालकावर असते, हे अर्जातच नमूद करावे. मुक्ततेचा दाखला हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण पुनर्वसनाची मदत त्याच कागदावर उभी राहते.

संस्था काढण्याची वेळ आली, की लढ्याचे आणि सेवेचे काम वेगळे ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. वसई परिसरात सामाजिक कार्यकर्ते विवेक पंडित यांच्या पुढाकारातून सेवेच्या कामासाठी विधायक संसद ही संस्था आणि लढ्यासाठी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना अशा दोन स्वतंत्र व्यवस्था उभ्या राहिल्या. संस्था नोंदणी कायद्याखालील नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा. हा अर्ज रखडला की संस्था वर्षानुवर्षे वादात अडकते. परदेशी देणगी २०१० च्या परदेशी योगदान (नियमन) कायद्याखालील परवानगीशिवाय स्वीकारू नये.

नेतृत्व करणाऱ्याने तहसीलदारांपुढे बाजू मांडायला मुक्त झालेल्या कुटुंबातील कार्यकर्त्यांनाच पुढे करावे, आणि पुढच्या निवडीत विश्वस्तांच्या यादीतही त्यांची नावे घ्यावीत.