चेंडूकडे बघू नका

स्वतः बरीच वर्षं वेगवान गोलंदाजी केली होती, त्यामुळे कोचिंग सुरू करताना वाटलं, दुसऱ्याची चूक दिसायला काय लागतं? दिसली नाही. ते कळेपर्यंत एका सोळा वर्षांच्या पोराचे दोन महिने वाया गेले.

त्याचा चेंडू सारखा लेगला जायचा. मी अंपायरच्या मागे उभा राहून ओरडायचो, "डोकं पडतंय, डोकं सरळ ठेव!" डोकं पडत होतं, ते खरंच. पण माझे डोळे दर वेळी हातातून सुटलेल्या चेंडूबरोबर पळायचे आणि टप्पा कुठे पडला यावरून मी आधी काय झालं असेल ते रचायचो. नवीन लोक इथेच फसतात, म्हणून पुन्हा सांगतो: तुम्हाला वाटतं तुम्ही ॲक्शन पाहिली, प्रत्यक्षात टप्पा पाहिलेला असतो. तीच ॲक्शन ऑफस्टंप उडाला की सुंदर दिसते, वाइड गेला की वाकडी.

एकदा घोटा दुखावला म्हणून पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे गोलंदाजाचा पुढचा पाय पडतो त्या रेषेत, बाजूला खुर्ची टाकून बसलो. जाळीमुळे तिथून टप्पा दिसत नव्हता, दिसत होते फक्त पाय. पोरगा रन-अपच्या खुणेवरून कधी डावा पाय आधी टाकायचा, कधी उजवा. मग क्रीज गाठायला शेवटची दोन-तीन पावलं ताणायचा आणि पुढचा पाय टेकेपर्यंत अंग कललेलं असायचं. डोकं तर सगळ्यात शेवटी पडत होतं! रन-अप मोजून पहिला पाय ठरवून दिला. डोक्याबद्दल एक शब्द न बोलता ते बरंचसं जागेवर आलं.

तेव्हा एक षटक टप्पा बघायचाच नाही, तो दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगा. तुम्ही सहाही चेंडू फक्त मागचा पाय बघा, पुढच्या षटकात फक्त पुढचा. जागाही बदला. पावलांची लांबी आणि पुढचा गुडघा बाजूने दिसतो, दिशा मागून. आणि तोंड बंद. पालक 'हा नुसता उभा आहे' अशा नजरेने बघतील, बघू देत.

मोबाइल आहेच की, म्हणाल. पुढचा पाय टेकण्यापासून चेंडू सुटेपर्यंत जेमतेम दशांश सेकंद जातो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत त्याच्या तीनच फ्रेम येतात, २४० च्या स्लो मोशनमध्ये चोवीस. वापरा, पण फोन कुठे धरायचा हे त्याला कळत नाही.

'नजर अनुभवाने येते' म्हणणाऱ्या गुरूंच्या मागे मी फार फिरलो. अनुभवाने आवाज चढतो, एवढं नक्की. खेळांच्या विश्लेषणावर काम करणारे संशोधक इयान फ्रँक्स यांनी सहकाऱ्यासह १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फुटबॉलवरच्या अभ्यासात, सामना पाहिलेल्या नवख्या कोचना त्यातल्या महत्त्वाच्या घटनांपैकी निम्म्याही नीट सांगता आल्या नव्हत्या. म्हणून वही तिथेच, त्याच क्षणी. घरी जाऊन लिहिलेलं मी तरी धरत नाही.

एका बाबतीत मात्र गंमत नाही. मागचा पाय टेकताना कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे, अशी मिश्र ॲक्शन दिसली आणि पोराची कंबर दुखत असेल, तर त्याच दिवशी गोलंदाजी थांबवून डॉक्टरकडे पाठवा. पाठीच्या खालच्या मणक्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर) होण्याशी या ॲक्शनचा संबंध आहे.

बाकी चुका होतील, घाबरू नका. परवाच एकाचा यॉर्कर बसला, माझ्या तोंडून "शाब्बास" निघून गेलं आणि वहीत त्या चेंडूपुढचा 'पुढचा पाय' हा रकाना कोराच राहिला.