जुन्या मायक्रोवेव्ह पेपरात तुमची पद्धत आधीच दडलेली होती का, हे कसं तपासायचं

समजा मायक्रोवेव्हने वनस्पतीतून तेल काढायच्या पद्धतीवर तुमचं पेटंट आहे, आणि वादात समोरचा म्हणतो की जुन्या संशोधन पेपरात तुमचे शब्द नसतील, पण तेव्हाही घडत हेच होतं, म्हणजे यात नवीन काहीच नाही. हे ऐकून घाबरू नका, आणि लगेच मान्यही करू नका. आधी क्लेम १ची, म्हणजे पेटंटमध्ये नेमकं काय आपलं म्हणून मागितलंय ते सांगणाऱ्या पहिल्या कलमाची, प्रिंट काढा आणि पेनाने त्याचे तुकडे पाडा, एकेक अट वेगळी.

सरावासाठी कॅनडाच्या पर्यावरण खात्याचं १९९१चं अमेरिकन पेटंट ५,००२,७८४ घ्या. यातली कल्पना मला फार आवडते: पुदिन्याचं पान हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये (तेल विरघळवणाऱ्या द्रवात) बुडवायचं, हेक्झेन मायक्रोवेव्ह जवळजवळ शोषतच नाही, पण पानाच्या आतलं पाणी शोषतं, ते झटक्यात तापतं, तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि तेल बाहेरच्या त्यामानाने थंड सॉल्व्हंटमध्ये येतं.

आता शेजारी जुना पेपर ठेवा. १९८६ मध्ये गान्झलर, साल्गो आणि वाल्को यांनी माती, बिया, अन्न, चारा यातून मायक्रोवेव्हने पदार्थ काढल्याचं छापलं होतं. फक्त "मायक्रोवेव्ह" शब्द दिसला म्हणून उडी मारू नका, प्रत्येक प्रयोगात सॉल्व्हंट कोणतं, नमुना ओला की वाळवलेला, किती सेकंद, उकळू दिलं की नाही, हे रकाने करून लिहा. सगळा खेळ ओलाव्यावर आहे, कारण पाणीच नसेल तर ग्रंथी फुटणार कशाने?

जिथे रकाना रिकामा राहतो, म्हणजे क्लेममधल्या एखाद्या अटीबद्दल जुना पेपर गप्प असतो, तिथे खरा प्रश्न सुरू होतो. अमेरिकेत १९९१च्या कॉन्टिनेंटल कॅन विरुद्ध मोन्सँटो निकालाप्रमाणे पोकळी बाहेरच्या पुराव्याने भरता येते, पण ती गोष्ट तिथे असणारच होती हे दाखवावं लागतं, "बहुतेक झालं असेल" चालत नाही. तेव्हा कुणाला कळलं होतं का, हे मात्र लागत नाही, २००३च्या शेरिंग विरुद्ध जिनिव्हा केसमध्ये लोराटाडीन हे अ‍ॅलर्जीचं औषध गिळल्यावर शरीरात आपोआप तयार होणारा पदार्थ आधीच उघड झालाय असं कोर्टाने धरलं. उलट १८८०च्या टिल्घमन केसमध्ये वाफेच्या इंजिनात वंगणाला घातलेल्या चरबीतून नकळत फॅटी अ‍ॅसिड बनत असेलही, पण तेवढ्यावर टिल्घमनचं चरबीतून फॅटी अ‍ॅसिड बनवायचं पेटंट रद्द झालं नाही. हे दोन्ही निकाल एकत्र वाचा, एकच वाचलात तर फसाल.

मग लॅबमध्ये जुना प्रयोग जसाच्या तसा करा. इथेच लोक चुकतात, नकळत आजची सवय घुसवतात, पानं ताजी घेतात, वेळ वाढवतात, आणि मग म्हणतात बघा फुटल्या ग्रंथी! पेपरात वाळवलेलं लिहिलंय तर वाळवलेलंच घ्या, ओलावा मोजून वहीत टाका, आधी-नंतर मायक्रोस्कोपखाली फोटो काढा. आणि हेक्झेन घरच्या ओव्हनमध्ये अजिबात नाही हं, भडका उडतो, त्यासाठी लॅबचंच मशीन हवं.

पेपरात वेळेची किंवा तापमानाची रेंज दिली असेल तर तिची दोन्ही टोकं करून बघा. एका टोकाला ग्रंथी फुटल्या आणि दुसऱ्या टोकाला नाही, तर "दर वेळी घडतंच" हा दावा तिथेच ढिला होतो, म्हणून न फुटलेले फोटोही फाईलमध्ये ठेवा, तुम्ही कुठल्याही बाजूने असा.